सहा एडके आणि एकोणतीस पुड्या

पहिला फटका मल्हाररावांच्या पाठीवर पडला, तेव्हा द्वारकाच्या मुठीत एसटीचं तिकीट अजून तसंच होतं.

सट्‌! लगेच दुसरा! पिशोरच्या थांब्यासमोरच्या गायरानात, भर अकराच्या उन्हात, एक जाडजूड माणूस एका म्हाताऱ्या धनगराला आसुडानं झोडपत होता. मेंढ्या बॅं बॅं करत चौखूर उधळल्या होत्या. एसटीतून उतरलेली माणसं पिशव्या सावरत नुसती बघत उभी! द्वारकाला त्या माणसाइतकाच त्यांचाही राग आला.

"कोण आहे रे तो?" तिनं ओरडून विचारलं.

तिला घ्यायला आलेला मामेभाऊ कडूबा सायकल धरून उभा होता. वय अकरा, पण तोंड चाळिशीचं. "तो फकिराशेट! औरंगाबादला गिरणी आहे त्याची. जनावरांच्या खुराकाची कांडी करतो. आता या गायरानात कारखाना काढणार आहे. ती चुन्याची रेघ दिसते ना? मल्हाररावांची मेंढरं त्या रेघेच्या आत गेली असतील."

"म्हणून मारायचं?"

द्वारका सायकल ओलांडून धावलीच. ती तेरा वर्षांची, शहरातली, दोन वेण्यांची. पण अंगात आलं की कुणाच्या बापाला भ्यायची नाही. मात्र तिच्याआधी कुणीतरी पोचलं होतं. डावीकडच्या बांधावरून सूं करत एक दगड आला आणि फकिराच्या डोक्यावरची टोपी उडवून गेला!

"अजून एक हाणला ना बाला, तर म्होरला दगड टाळक्यात घालीन!" बांधावर एक मुलगी गोफण फिरवत उभी होती. मल्हाररावांची लेक बाना. द्वारकाच्या बरोबरीची, दर सुट्टीत दोघी एकत्र असायच्या.

फकिरा तिच्याकडे वळणार तेवढ्यात धोतराचा सोगा हातात धरून तात्यासाहेब धापा टाकत आले. तात्यासाहेब म्हणजे कडूबाचे वडील, द्वारकाचे मामा आणि पिशोरचे सरपंच. माणूस मनानं वाईट नव्हता, पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली की ती तिथून हलवायला कुणालाही परवानगी नसे.

"अरे, अरे! फकिराशेट, आवरा! मल्हारराव, तुम्ही पण... सांगितलं होतं ना, रेघ ओलांडू नका म्हणून?"

मल्हाररावांच्या पाठीवर सदरा फाटून रक्ताची रेघ उमटली होती. ते हळू उठले. "तात्यासाहेब, रझाकारांच्या टायमाला बी ह्या गायरानात माझ्या मेंढरांना कुणी हात लावला नव्हता. ऐंशी मेंढरं हायेत. गायरान गेलं तर खाटकाला द्यायची का?"

"पण गायरान हवंच कशाला? कांडी आहे ना! तुमच्याच एडक्यावर मी स्वतः प्रयोग केला. किलोभर कांडी खातो आणि शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग अंगी लागतात! पुढच्या महिन्यातल्या ग्रामसभेत ठराव होणार म्हणजे होणार."

"अंगी लागतंय म्हनता, पन माझा ढाण्या तर खंगत चाललाय," मल्हारराव म्हणाले. ते कुणी ऐकून घेतलं नाही. फक्त द्वारकानं ऐकलं, आणि ते तिच्या मनात कुसळासारखं टोचत राहिलं.

दुपारी जेवण होताच ती तात्यामामांच्या गोठ्याकडे गेली. कुडाच्या एका खोपटात ढाण्या एकटा बांधलेला होता. शिंगं दोन वेटोळ्यांची, छाती दांडगी. गेल्या दिवाळीत याच एडक्यानं टक्कर देऊन गाडीचं जू मोडलं होतं! द्वारकानं लोकरीत हात घातला, तर बोटांना मणकाच लागला. एकेक मणका मोजून घ्यावा असा.

भिंतीवर खडूनं लिहिलं होतं : खाल्ले १००० ग्रॅम, वाळलेली लेंडी २२० ग्रॅम, पचले ७८०. शेजारी छापील पत्रक. त्यावर ढाण्याचा फोटो आणि खाली ठळक अक्षरं : 'ज्याच्या गोठ्यात कांडी, त्याला कशाला गायरान!'

"मामा," तिनं विचारलं, "एवढं पचतंय तर हा वाळला कसा?"

"उन्हाळा आहे. उन्हाळ्यात मीसुद्धा वाळतो," तात्यासाहेब पोटावरून हात फिरवत म्हणाले. कडूबाला हसू आवरेना.

"आणि एकाच एडक्यावर प्रयोग केलात?"

"एडका तो एडका! दहा घेतले तर त्यांना काय दहा पोटं असतात का प्रत्येकी? आमचा गडी सांडू रोज सकाळी आठला येतो, जमिनीवरची लेंडी गोळा करून वाळवतो, तोलतो. साधा हिशेब. खाल्लं त्यातून बाहेर पडलं ते वजा, उरलं ते पचलं. तू शाळेत शिकतेस ना हे?"

शिकत होतीच. पण शाळेत दोलकाचा प्रयोग एकदाच करून आणला म्हणून विज्ञानाच्या बाईंनी तिची वही परत फेकली होती, "एकदाच मोजलंस? मग तू मोजलंसच नाहीस!" म्हणून. तेव्हा ती रडली होती. आता तिला बाईंचं म्हणणं पटायला लागलं.

"कडू, या खोपटात काहीतरी गडबड आहे," ती बाहेर येऊन म्हणाली. "खाल्लेलं अंगी लागत नाही आणि बाहेरही पडत नाही. मग जातंय कुठं?"

"फकिरा!" कडूबाचे डोळे चमकले. "तोच लेंडी चोरत असणार! लेंडी कमी, म्हणजे पचलं जास्त! उद्या उजाडताच निंबावर चढून बसू आणि चोराला रंगेहाथ पकडू!"

दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवून गेला, तेव्हा दोघंही निंबाच्या फांदीवर मुंग्या झटकत बसलेली होती. थोडं फटफटलं, आणि खरंच कुडाचं दार कुरकुरलं! डोक्यावरून पदर घेतलेलं कुणीतरी आत शिरलं. झाडूचा खर्र खर्र आवाज आला. पाटी भरून चोर बाहेर आला, आणि कडूबानं जय भवानी म्हणत वरून थेट त्याच्या अंगावर उडी टाकली!

मग जे झालं ते विचारू नका. पाटी उडाली, लेंडी उधळली, कडूबानं चोराचे केस धरले आणि चोरानं कडूबाच्या तोंडावर खराट्याचे असे काही सपाटे ओढले, की त्याच्या गालावर आठ दिवस रेघा होत्या.

"मेलो! सोड! द्वारके, धाव!"

द्वारकानं दोघांना ओढून वेगळं केलं. पदर घसरला. आत होती बाना!

"तू? तू चोर?" कडूबा ओठांवरचं रक्त पुसत म्हणाला.

"कुणाला चोर म्हनतो रे? रोज येते मी! झाडल्याबिगर जनावराला घाणीत उभं ठिवायचं व्हय? आमच्यात असं करत नाय. एडका दिला तुमच्या बापाला, पन त्याची राखण माझीच हाय ना! आन लेंडी का मी घरी नेते? तुमच्याच मिरचीच्या वावरात टाकते. मेंढरं ज्याच्या जागेत बसली, लेंडी त्याच्या वावराची. एक पाटी हरामाची नेली असंल तर इचार!"

द्वारका एकदम पुढं सरकली. "बाना... रोज? पहिल्या दिवसापासून?"

"व्हय. काहून?"

"अगं, सांडू आठला येतो. तू कालपासूनची लेंडी आधीच काढून नेतेस. तो तोलतो ती फक्त तुझ्यामागून पडलेली, मूठभर! म्हणून मामांना वाटतं, बाकीचं सगळं पचलं. त्याच आकड्यावर ग्रामसभा गायरान देऊन टाकणार आहे!"

बाना तिच्याकडे बघतच राहिली. हातातला खराटा केव्हा गळून पडला, ते तिला कळलंही नाही.

"म्हंजी माझ्याच झाडूनं बाचं गायरान घालवलं?" ती कशीबशी म्हणाली, आणि ढाण्याच्या गळ्यात तोंड खुपसून हमसाहमशी रडायला लागली. कडूबाला आपण तिचे केस ओढल्याची इतकी लाज वाटली, की तो एकटाच सांडलेल्या लेंड्या वेचत बसला.

तिघंही तडक ओसरीवर गेली. पण तिथं फकिरा चहा पीत बसलेला! द्वारकानं सगळं सांगितलं, तसा तात्यासाहेबांचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी समोरचा पत्रकांचा गठ्ठा पाहिला, आणि चेहरा पुन्हा ताठ झाला.

"ही धनगराची पोर बापासाठी काहीही सांगेल," फकिरा गुरगुरला. "सांडूनं कधी पाहिलं हिला? चल हट!" त्यानं बानाचा दंड असा पिरगळला की ती कळवळली. कडूबा मध्ये पडला, तर त्याला एका धक्क्यात ओसरीवरून खाली भिरकावलं.

"फकिराशेट! माझा मुलगा आहे तो!" तात्यासाहेब उठून उभे राहिले. फकिरा हसला आणि सॉरी सॉरी म्हणत बसला. पण तात्यासाहेब बराच वेळ बसले नाहीत.

"मामा," द्वारका म्हणाली, "आमच्यावर विश्वास ठेवू नका. आम्हाला पुन्हा मोजू द्या. ग्रामसभेला सोळा दिवस आहेत."

तात्यासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "करा. सुट्टीच आहे तुम्हाला. कांडीचं एक पोतं देतो. पण फुकटचा बोभाटा नको!"

मल्हाररावांच्या मेंढवाड्याजवळ, वाळक्या बाभळीच्या कुंपणात, मोहीम सुरू झाली. मल्हाररावांनी सगळं ऐकलं, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि एवढंच विचारलं, "कोनकोनता एडका पायजे?"

"सहा द्या. तिघांना कांडी, तिघांना तुमच्या गायरानातलं वाळलं पवन्या गवत. रोज एकेक किलो, ना कमी ना जास्त."

"सहा कशाला गं?" कडूबा कुरकुरला. "सहा जणांची लेंडी कोण वेचणार?"

"तू! हे बघ, तुला आणि मला रोज तीन तीन भाकरी दिल्या तर दोघांचं पोट सारखं चालेल का?"

"माझं चालेल. तुझं सांगता येत नाही."

"तेच! एखाद्याचं पोट बिघडलेलं असेल, एखादा जातीचाच दणकट असेल. एकावर मोजलं तर तो कांडीचा गुण की एडक्याचा, ते कळतच नाही. तिघांचे आकडे जवळजवळ आले, की समजायचं कांडी बोलतेय."

बाना लगेच एका मरतुकड्या एडक्याचं शिंग धरून पुढं आली. "मंग ह्याला कांडी द्या! हा काय बी पचवत नाय. लवकर समजंल सगळ्यास्नी."

"नाही बाना. ती लबाडी झाली. मामांचं चुकलं, आपण मुद्दाम चुकवायचं?"

मग चिठ्ठ्या टाकल्या. मरतुकडा गवताकडे गेला. आणि कांडीच्या तिघांत पहिलंच नाव निघालं ढाण्याचं!

"त्याला नको!" बाना कळवळून म्हणाली. "महिनाभर तेच खातोय तो. द्वारके, त्याला सोड, गवताला लाव. दुसऱ्याला घे ना!"

 पण द्वारका म्हणाली, "चिठ्ठीत निघालं ते निघालं. दहा दिवस, बाना. मग तो सुटला."  बाना ढाण्याच्या कपाळावर कपाळ टेकून उभी राहिली.

आता लेंडी जमिनीवर पडूच द्यायची नव्हती. वच्छलामामीनं शिवणाच्या मशीनवर जुन्या धोतराच्या सहा पिशव्या शिवून दिल्या. पाठीवरून पट्टे, शेपटाखाली पिशवी!

"एडक्यांना लंगोट!" कडूबा गडाबडा लोळला. लोळता लोळता तो नेमका ढाण्याच्या समोर आला, आणि पुढच्या क्षणी उकिरड्यात होता.

"मेंढ्या का नाय घेतल्या, त्या गरीब असत्यात," बाना हसू दाबत म्हणाली.

"मेंढीची लघवी पिशवीत जाईल आणि वजन बिघडेल. म्हणून एडकेच हवेत."

पहिले पाच दिवस नुसतंच खाऊ घातलं, जुनं पोटातून निघून जावं म्हणून. सहाव्या दिवसापासून खरं मोजणं. रोज सकाळी पिशव्या रिकाम्या करायच्या, लेंडी मामीच्या माळवदावर कडक उन्हात वाळवायची, तोलायची, आकडा वहीत आणि मेंढवाड्याच्या भिंतीवर कोळशानं लिहायचा. तोलून झालेली लेंडी बाना वावरात नेणारच होती. द्वारकानं हात धरला.

"थांब. प्रत्येकाची, प्रत्येक दिवसाची पुडी बांधायची. वर नाव आणि तारीख. चूक झाली तर पुन्हा तोलता येईल."

"लेंडीच्या पुड्या!" कडूबानं कपाळाला हात लावला. "औरंगाबादच्या गुलमंडीत दुकान टाकू आपण."

पण आकडे बघून त्याचंही हसू थांबलं. कांडीवाले तिघं : सहाशे दहा, सहाशे चाळीस, पाचशे नव्वद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. गवतवाले साडेचारशेच्या मागंपुढं. म्हणजे किलोतली सहाशे ग्रॅम कांडी जशीच्या तशी बाहेर पडत होती! मल्हाररावांनी एक वाळली लेंडी बोटांत चुरडली. आत लालसर तूस. त्यांनी ते जिभेवर ठेवून थुंकलं.

"शेंगांची टरफलं हायेत ही! दळून वर मळी वतली गोड लागाया. म्हून खात्यात बिचारी."

कोळशाचे ते आकडे सांडूनं वाचले आणि फकिराच्या कानी घातले. आठ दिवसांत ग्रामसभा आहे हे फकिराला ठाऊकच होतं.

मोजणीचा चौथा दिवस बाजाराचा होता. गाव सगळं बाजारात. दुपारी दोनच्या सुमाराला कुंपणाबाहेर जीप थांबली. फकिरा उतरला, मागून त्याचे दोन गडी. एकाच्या हातात कुऱ्हाड होती.

मल्हारराव दारात आडवे झाले. एका गड्यानं त्यांच्या पोटात लाथ घातली. ते दुमडून पडले, तरी त्यांनी त्याचा पाय सोडला नाही. मग त्या गड्यानं काठी घेतली. द्वारकानं वही छातीशी धरली. आसूड आला आणि तिच्या बोटांवर बसला. अशी आग, असा झणका, की तिला हात आहे की नाही तेच कळेना. वही पडली. फकिरानं ती टराटरा फाडली आणि पाण्याच्या हौदात फेकली. दुसऱ्या गड्यानं बादलीभर पाणी मारून भिंत धुतली.

"आणि हाच ना तो?" फकिरानं खिशातलं पत्रक काढलं, फोटो पाहिला, ढाण्या पाहिला. "हाच परयोगाचा एडका!"

"नको! त्याला नको!" बाना किंचाळली.

ढाण्या पळाला नाही. त्याला पळणं माहीतच नव्हतं. त्यानं डोकं खाली घातलं आणि महिनाभराच्या उपाशी पायांवर तो फकिराकडे धावून गेला. फकिरानं गड्याच्या हातातली कुऱ्हाड हिसकली आणि ती ढाण्याच्या मानेवर पडली. पुन्हा एकदा पडली. ढाण्या गुडघ्यांवर बसला आणि मग कुशीवर गेला. धोतराची पांढरी पिशवी लाल होत गेली.

पुढं एकदम सगळं झालं. बानाची गोफण फिरली; दगड फकिराच्या भुवईवर बसला आणि तोंडभर रक्त आलं. कडूबानं कुंपणाचं काटेरी दार ओढून काढलं. उरलेले पाच एडके, रक्ताच्या वासानं बिथरलेले, लंगोट फडकवत सुटले! पहिल्या टकरीत काठीवाला बाभळीच्या काट्यांत गेला आणि गुरासारखा ओरडायला लागला. दुसऱ्याचा गुडघा कडकन वाजला. फकिराच्या हातून कुऱ्हाड निसटली, आणि ती मल्हाररावांच्या हाताशी पडली.

म्हातारा कुऱ्हाड घेऊन उभा राहिला. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला. समोर फकिरा जमिनीवर उताणा. मल्हाररावांनी कुऱ्हाड वर उचलली.

"बा!" बाना म्हणाली. ओरडली नाही, नुसतं म्हणाली.

कुऱ्हाड वरच थरथरत राहिली. मग त्यांनी ती गर्रकन फिरवून लांब विहिरीत भिरकावून दिली. "जा," ते म्हणाले. "पोरींसमूर माझ्याकडून पाप करून घिऊ नको."

फकिरा लंगडत जीपकडे गेला. जाता जाता थुंकला आणि ओरडला, "एडका मेला, वही गेली! खलास तुमचा परयोग!"

धुरळा खाली बसला. बाना ढाण्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. द्वारका तिच्याजवळ गेली, पण हात लावायचं धाडस होईना.

"मी त्याला गवताला लावू दिलं असतं तर..." तिला पुढं बोलवेना.

"फोटो त्याचा हुता, द्वारके," बाना डोळे न पुसता म्हणाली. "गवत खात असता तरी त्यानं ह्यालाच मारला असता. तू रडू नको. तू रडलीस तर मला धीर ऱ्हात नाय." आणि मग दोघीही एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

कडूबा मात्र विचार करत होता. हे त्याच्या बाबतीत क्वचितच घडे. "द्वारके," तो हळूच म्हणाला, "त्यानं एकच एडका मारला."

"मग?"

"तात्यांसारखंच झालं ना याचं! त्यालाही वाटलं, प्रयोग म्हणजे एक एडका. आपल्याकडे पाच आहेत अजून! उद्याच्या पाचव्या दिवसाची मोजणी राहिलीय. आणि वही गेली, भिंत गेली, पण पुड्या? पुड्या तर आईच्या माळवदावर आहेत!"

द्वारकानं डोळे पुसले, आणि सुजलेल्या हातानं त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला, की तीच कळवळली.

ग्रामसभेला चावडीपुढं माणूस मावत नव्हता. डोक्याला पट्टी बांधून फकिरा पुढं बसला होता. "या पोरांनी माझ्यावर एडके सोडले! मी तर बघायला गेलो होतो. यांच्याकडं पुरावा काय? ना वही, ना तो एडका!"

बाना उठली. तिनं डोक्यावरची पाटी उतरवली आणि तात्यासाहेबांपुढं ठेवली. आत कागदाच्या एकोणतीस पुड्या.

"हे काय?"

"लेंडी, मामा," द्वारका म्हणाली. "सहा एडके, पाच दिवस. ढाण्याचे चारच दिवस, कारण पाचव्या दिवशी तो नव्हता. तुम्ही स्वतः तोला."

चावडी हास्यानं दणाणली. पण तात्यासाहेब हसले नाहीत. भाचीच्या हाताचं बांधलेलं फडकं त्यांनी पाहिलं, मुलाचे काट्यांनी सोललेले हात पाहिले. त्यांनी तराजू मागवला आणि बाह्या सारून तोलायला बसले. पहिल्या पुडीला लोक हसले. पाचव्याला थोडे हसले. दहाव्या पुडीनंतर चावडीत फक्त मापांचा खणखणाट ऐकू येत होता. सहाशे दहा. सहाशे तीस. पाचशे पंच्याण्णव. सहाशे चाळीस. आणि गवताच्या पुड्या : साडेचारशे, चारशे साठ, चारशे चाळीस. मरतुकड्या एडक्याची पुडीसुद्धा पावणेपाचशेच्या वर गेली नाही!

ढाण्याच्या चार पुड्या त्यांनी शेवटी तोलल्या. त्याही कांडीच्या इतर दोघांसारख्याच भरल्या. तात्यासाहेबांनी तराजू खाली ठेवला. 

"मंडळी," ते उभे राहिले तेव्हा आवाज कापत होता, "मी एका एडक्यावर, अर्धीमुर्धी लेंडी तोलून, तुमचं गायरान विकायला निघालो होतो. ही पोरं मला सांगायला आली तेव्हा मी पत्रकांचा गठ्ठा बघत बसलो. चूक माझी आहे. ठराव रद्द! आणि फकिराशेट, माझ्या गावात माझ्या माणसावर कुऱ्हाड घेऊन गेलात, त्याचा जबाब पोलीस पाटलाला द्या."

फकिरानं तराजूला लाथ मारली आणि तात्यासाहेबांच्या सदऱ्याची गचांडी धरली. पण त्याचा हात दुसऱ्यांदा वर गेलाच नाही. बाजाराच्या दिवशी घरी नसलेलं सगळं गाव आज चावडीवर होतं! धपाधप, दणादण; मल्हाररावांनीच मध्ये पडून हात जोडले म्हणून तो पायांवर चालत कन्नडच्या पोलीस ठाण्याला गेला. सांडूनंही मग सगळं कबूल केलं, आणि तो महिनाभर कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

तात्यासाहेबांनी आपल्या गोठ्यातला सगळ्यात देखणा एडका मल्हाररावांच्या हाती दिला. "ढाण्याची भरपाई नाही ही. ती होणार नाही, मला कळतं. पोरांनो, मी बी.एस्सी. झालो, पण मोजायला तुमच्याकडून शिकलो. शाबास!" मल्हाररावांनी तिघांच्याही कपाळाला भंडारा लावला. "ह्या पोरींनी आन ह्या पोरानं गायरान राखलं," ते गावाला सांगत होते, आणि त्यांच्या सुजलेल्या डोळ्यातून पाणी येत होतं.

संध्याकाळी तिघं गायरानात गेली. चुन्याची रेघ कडूबानं चपलेनं पुसत आणली होती. कडेला, जिथं ढाण्याला पुरलं होतं, तिथं बाना बसली. तिच्या ओच्यात चार पुड्या होत्या. एकेक सोडून तिनं लेंडी त्या भुसभुशीत मातीवर पसरली आणि हातानं सारखी केली.

कडूबाला राहवेना. "वजन केलं होतंस ना गं?"

बानानं नाकावरून मनगट फिरवलं. "केलं की. तीनदा."

आणि ती उठून मेंढरांना हाक घालत गवताकडे चालू लागली.